तापीचे मुख आणि सूर्यमंडळाची वेस



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांनी आम्हां मुलांना एकदा भरतीच्या वेळी तापीकाठी नेले होते. नदी कोठे संपते आणि समुद्र कोठे सुरू होतो, असा त्यांचा प्रश्न होता. मी छातीठोकपणे एक जागा दाखवली. गुरुजींनी तेथले पाणी चाखायला सांगितले. ते गोडेच होते! आजचा विषयही तोच आहे. नदी तेवढी सूर्याची आहे.

सूर्यापासून विद्युतभारित कणांचा जो ओघ अखंड वाहतो, त्यास सौरवारा म्हणतात. फार दूरवर, आघातसीमेपाशी, तो एकाएकी मंदावतो. त्यापलीकडे ताऱ्यांमधील विरळ वायू त्यास थोपवतो. १९७०च्या दशकारंभी विश्वकिरणांत हेलियम, नायट्रोजन, ऑक्सिजन व निऑन यांचे मंद कण अनपेक्षित संख्येने आढळले. कार्बन मात्र तुरळक. १९७४ साली फिस्क, कोझलोव्हस्की व रामाटी यांनी उपपत्ती मांडली. बाहेरचे भाररहित अणू सूर्यमंडळात शिरतात, सूर्याजवळ एक इलेक्ट्रॉन गमावतात, सौरवाऱ्याबरोबर दूर वाहत जातात आणि तेथे वेग घेऊन परततात. कार्बन बाहेरच भारित असल्याने त्यास प्रवेशच मिळत नाही.

हे पडताळावे कसे? आपल्या सुरतेच्या दक्षिणेस मुंबई, उत्तरेस अहमदाबाद. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांच्या शास्त्रज्ञांनी सुकुमार बिश्वास यांच्या नेतृत्वाखाली ‘अनुराधा’ हे उपकरण सिद्ध केले. २९ एप्रिल १९८५ रोजी ते ‘चॅलेंजर’ यानातून स्पेसलॅब-३ बरोबर अवकाशात गेले. चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात त्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या चकत्यांवर कणांचे माग उमटले. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अधिक भाराच्या मंद कणांना अडवते, एकाच भाराच्या कणांना कक्षेपर्यंत येऊ देते. म्हणून पोहोचलेल्या कणांवरून भाराचे अनुमान निघाले. ऑक्सिजनचे बहुतेक कण एकच इलेक्ट्रॉन गमावलेले दिसले. उपपत्तीस मोठा आधार मिळाला.

या कणांना वेग आघातसीमेवरच मिळतो, असे १९८१ पासून बहुतेकांचे मत होते. १९७७ साली निघालेले ‘व्हॉयेजर-१’ डिसेंबर २००४ मध्ये, सूर्य-पृथ्वी अंतराच्या ९४ पट दूर, ती सीमा ओलांडून गेले. तेथे या कणांचा उच्चांक सापडलाच नाही. त्यांची संख्या पुढेही वाढत राहिली. ‘व्हॉयेजर-२’नेही २००७ साली तेच दाखवले. २५ ऑगस्ट २०१२ रोजी ‘व्हॉयेजर-१’ सौरवाऱ्याच्या प्रदेशाबाहेर पडले, तेव्हा सूर्यमंडळातील कण एकाएकी ओसरले आणि दूरच्या विश्वकिरणांची संख्या वाढली. वेस सापडली, वेग नेमका कोठे मिळतो, हा वाद मात्र उरला.

कण कोठले, हे अनुराधाने सांगितले ते खरे ठरले. वेग कोठे मिळतो, याविषयीचा विश्वास डळमळला. दोन्ही निवाडे मोजमापाने दिले, मतांच्या बहुमताने नव्हे. त्या दिवशी तापीकाठी मी चुकलो, तेव्हा गुरुजी रागावले नाहीत. “आणखी खाली जाऊन चाखू या,” एवढेच म्हणाले. त्यांची ती शिकवण या शाळेतील मुलांच्या हाती सोपवून मी आपली रजा घेतो.