आगबोटीतून बॅटरीवर

हुबळीच्या देशपांडे नगरात, गायिका गंगूबाई हनगलांच्या ‘गंगालहरी’ या घरापाशी तुम्ही रिक्षाला हात करता. समुद्र इथून दूर. पण स्टेशनावरून लोंढ्याची गाडी धरली की दूधसागराचा घाट उतरून गोवा. पणजीच्या धक्क्यावर पाऊल टाकता, तेव्हा साल असतं १९३२.

समोर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची, मुंबईला निघालेली आगबोट. फळीवरून चढताच भट्टीची धग लागते. खाली आगवाले फावड्याने कोळसा लोटताहेत, तुमच्या सदऱ्यावर काजळी बसतेय. डेक निम्मा रिकामा असो की खच्चून भरलेला, कोळसा जवळपास तेवढाच जळतो. पावसाळ्यात फेऱ्या बंद, तरी बोटींची निगा चुकत नाही. मालकाचा जीव कोळशाच्या भावाला टांगलेला.

डोळ्यांतली काजळी पुसेपर्यंत वारा बोचू लागतो. २०१५, नॉर्वेतलं लाविक. नॉरलेड कंपनीची ‘अँपिअर’ तुम्हाला वीस मिनिटांत फ्योर्डपार नेते. सोबत १२० मोटारी मावतील एवढी जागा, पण पायांखाली धडधड नाही, डिझेलचा वास नाही. पोटात सुमारे हजार युनिटांची बॅटरी. मोटारींची चढउतार होईतो दहाएक मिनिटांत ती पुन्हा भरून घ्यायची. गावच्या वीजवाहिनीला हा झटका सोसला नसता, म्हणून काठांवरही बॅटऱ्या बसवल्यात. त्या सावकाश भरतात आणि बोटीला भराभर वीज देतात. बोटीच्या किमतीत आता धक्काही धरावा लागतो.

पुढचं पाऊल पडतं केरळात, वैकमच्या जेटीवर. जानेवारी २०१७. राज्य जलवाहतूक विभागाची ‘आदित्य’ ७५ उतारू घेऊन वेंबनाड सरोवर ओलांडते. छतावर सौरपट्ट्या, आणि शेजाऱ्याशी हळू आवाजात बोललेलंही ऐकू येतं. डिझेल बोटीला दिवसाला आठेक हजारांचं इंधन लागे. हिचा वीजखर्च दोनशे रुपयांच्या आत, असा हिशेब इथे सांगतात. रोजचं अंतर ठरलेलं, थांबे ठरलेले, त्यामुळे बॅटरी किती मोठी हवी हे आधीच कळतं. मात्र वर्षानुवर्षांच्या इंधनाचा बराचसा पैसा बोट घेतानाच मोजावा लागतो. कोळशाच्या भावाची काळजी गेली, तिच्या जागी कर्जाचा हप्ता आला.

तोच हिशेब घेऊन तुम्ही आजच्या पणजीत उतरता आणि बेतीच्या फेरीबोटीत शिरता. मांडवीचं पात्र काही मिनिटांचं, दोन्ही काठ हाकेच्या अंतरावर. बॅटरीला याहून सोपी वाट कुठली? पण पायी चाललेल्या तुमच्याकडे कुणी तिकीट मागत नाही. तिकीटच नसेल तर हप्ता तिकिटातून सुटणार नाही. तो सरकारी तिजोरीतूनच जाईल. खाजगी मालकाला इथे बोट उतरवायची, तर आधी सरकारशी फेऱ्यांचा दर ठरवून करार हवा, आणि त्याची मुदत कर्ज फिटेपर्यंत पुरायला हवी. बॅटरीचा भाव त्यानंतर विचारावा.