ऐनूंच्या अस्थी आणि आमचे विज्ञान

जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटाचे मूळ रहिवासी म्हणजे ऐनू. त्यांच्या भाषेत 'ऐनू' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणूस' असा आहे. साल्मन मासा आणि हरणाची शिकार हे त्यांच्या जगण्याचे मोठे आधार. १८६९ मध्ये जपानी सरकारने बेटाला आजचे नाव देऊन ते रीतसर आपल्या राज्याला जोडले. पुढे मासेमारीवर आणि शिकारीवर बंधने आली. १८९९ च्या 'संरक्षण' कायद्याने ऐनू कुटुंबांना शेतीसाठी थोडी जमीन दिली, शाळाही दिल्या. पण शाळेची भाषा जपानी. निबुतानी गावच्या कायानो शिगेरू यांच्या वडिलांना तर साल्मन पकडल्याबद्दल अटक झाली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आता गुन्हा ठरला होता.

यात विज्ञानाचा संबंध कोठे येतो? ऐनू कोणत्या 'वंशा'चे, हा प्रश्न युरोपी आणि जपानी संशोधकांना पडला होता. उत्तरासाठी कवट्या मोजायच्या, म्हणून कबरी खणल्या गेल्या. १९३० च्या दशकापासून होक्काइदो विद्यापीठातील शरीररचनाशास्त्रज्ञ कोदामा साकुझाएमोन यांनी असा मोठाच संग्रह केला. जपानमधील बारा विद्यापीठांत मिळून १,६०० हून अधिक ऐनूंच्या अस्थी असल्याचे पुढे उघड झाले.

मुळात प्रश्नच सदोष होता. मानवी जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहातील व्यक्तींमध्ये आढळते, हे १९७२ मध्ये रिचर्ड लेवॉन्टिन यांनी दाखवले. पण समजा, प्रश्न अचूक असता, तर कोणाच्या आजोबांची कबर नातवंडांना न विचारता उकरणे योग्य ठरले असते का? आमच्या मते, नाही. मोजमाप कितीही काटेकोर असले तरी संमतीची उणीव त्याने भरून निघत नाही.

१९८० मध्ये जपान सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाला कळवले, की आमच्या देशात अल्पसंख्य समाजच नाहीत! निबुतानीत धरणासाठी जमीन घेतली गेली, तेव्हा कायानो आणि काइझावा कोइची न्यायालयात गेले. मार्च १९९७ मध्ये सापोरोच्या न्यायालयाने ऐनूंना मूळ रहिवासी मानले आणि भूसंपादन बेकायदा ठरवले. पण धरण बांधून झाले होते, ते तसेच राहिले. त्याच वर्षी १८९९ चा कायदा रद्द झाला. २०१९ च्या कायद्यात 'मूळ रहिवासी' हा शब्द आला.

अस्थींसाठी वंशजांनी २०१२ मध्ये होक्काइदो विद्यापीठावर दावा लावला. तडजोड होऊन २०१६ मध्ये बारा जणांच्या अस्थी किनेउसू गावी परतल्या आणि पुन्हा मातीत विसावल्या. साल्मनचा प्रश्न मात्र सुटलेला नाही: नदीत मासेमारीचा हक्क मागणारा ऐनूंचा दावा एप्रिल २०२४ मध्ये सापोरोच्या न्यायालयाने फेटाळला. म्हणजे नृत्य, भाषा, भरतकाम यांना उत्तेजन मिळते. ती संस्कृती ज्या नदीवर पोसली, त्या नदीवर हक्क नाही.

वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: प्रयोगशाळेतील 'नमुना' हा कोणाचा तरी पूर्वज असेल, तर त्याच्याविषयी निर्णय कोणी घ्यायचा? मुले काय उत्तरे देतात ते ऐकावे, आणि त्यांना कारणेही विचारावीत.