अंतराळयान आणि बुरशी

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, आणि चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचं. कोकणात छापील अक्षर जपून ठेवण्याची सवय अशी दीडशे-दोनशे वर्षं जुनी आहे. त्यामुळे मराठी विज्ञानकथेचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाची फारशी अडचण होत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. १९७९ साली त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. त्याच सुमारास बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे हे लेखक मासिकांतून आणि दिवाळी अंकांतून लिहीत होते. हे सगळं पुस्तकांत आणि बांधीव अंकांत सापडतं. त्यानंतर दहा वर्षांनी ज्या विज्ञानमालिका दूरदर्शनवरून थेट घरात आल्या, त्या मात्र अशा कुठल्याच कपाटात नाहीत. आपल्याकडे कुणाला त्यांची किंमत नव्हती म्हणून असं झालं, हे सर्रास ऐकू येणारं उत्तर मला अपुरं वाटतं. किंमत होती, साधनही होतं. पण ज्यांना किंमत होती त्यांच्या हातात साधन नव्हतं. रत्नागिरी जिल्ह्याकडे पाहिलं की ही गोष्ट फार स्पष्ट दिसते.

आधी त्या मालिकांविषयी. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. दशकाच्या शेवटी तिच्या वळणावर बेतलेली ‘स्पेस सिटी सिग्मा’ आली. तिच्यातला कॅप्टन तारा आणि त्याचा शत्रू जखाकू ही नावं त्या पिढीला अजून पाठ आहेत. १९८९ साली आनंद महेंद्रू यांची ‘इंद्रधनुष’ आली. मुलं संगणक जोडतात, त्यातून परग्रहाशी आणि कालप्रवासाशी संबंध येतो, असं तिचं कथानक. गिरीश कार्नाड, ऊर्मिला मातोंडकर आणि शाळकरी वयाचा करण जोहर तिच्यात होते. १९९८ मध्ये केतन मेहता यांनी मिलिंद सोमणला घेऊन ‘कॅप्टन व्योम’ केली, तोवर संगणकावर बनवलेली दृश्यं परवडू लागली होती. या चारही मालिका हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत विज्ञानकथेचं एवढं भरघोस पीक असताना त्याच्या तोडीची मराठी मालिका उभी राहिली नाही, ही खंत वेगळ्या लेखाची आहे.

शिवाय रत्नागिरी जिल्ह्यात या मालिका मुंबईसारख्या दिसल्याच नाहीत. दूरदर्शनच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. १९८४ च्या सुमारास देशभर जे कमी शक्तीचे प्रक्षेपक भराभर उभे राहिले त्यांचा पल्ला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचा, तोही सपाट मुलखात. इथे एका बाजूला सह्याद्री, आणि त्याच्या व समुद्राच्या मध्ये डोंगर, सडे नि खाड्या. सड्यावरच्या घरात चित्र स्वच्छ दिसायचं आणि खाली वाडीत मुंग्या नाचायच्या. माडाच्या उंचीचा बांबू उभा करून त्यावर अँटेना, खाली बूस्टर, एक जण बाहेर बांबू फिरवतोय आणि आतून ‘आलं, आलं... गेलं!’ अशी आरोळी. पावसाळ्यात वीज गेली की सगळाच प्रश्न मिटला. तात्पर्य, इथल्या मुलाने ‘इंद्रधनुष’चे भाग सलग पाहिले असण्याची शक्यता कमीच. सुरुवात चुकली, मधला भाग विजेने नेला, शेवट शेजारच्या मुलाने सांगितला, अशीच ती पाहिली गेली. म्हणून ही मालिका आज घरी बसून पाहणारा रत्नागिरीकर स्मरणरंजन करत असतो, असं मी म्हणणार नाही. त्यातला बराच भाग तो पहिल्यांदाच पाहत असतो.

अशा हुकलेल्या किंवा पुसल्या गेलेल्या मालिका बाहेरच्या जगात कुणी वाचवल्या हे पाहण्यासारखं आहे. बीबीसीची ‘डॉक्टर हू’ २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. पुढे टेप महाग म्हणून आणि पुनःप्रक्षेपणाचे करार संपले म्हणून बीबीसीने साठच्या दशकातले शेकडो भाग पुसून टाकले. आजही शंभराच्या जवळपास भागांचं चित्र उपलब्ध नाही. मात्र त्यांतल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण घरोघरच्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून तो ध्वनिमुद्रित केला होता. २०१३ साली नायजेरियातल्या जोस इथल्या प्रसारण केंद्रात काही भागांची रिळं सापडली तेव्हा ती जगभर बातमी झाली. बीबीसीला या मालिकेची व्हिडिओ कॅसेट विकावीशी वाटली ती १९८३ मध्ये, आणि तोवर चाहत्यांनी आपलं काम करून ठेवलं होतं. पुसणारी संस्था श्रीमंत आणि जुनी होती, वाचवणारी मुलं होती. मुलांच्या हातात यंत्र होतं, एवढाच काय तो फरक.

यंत्र रत्नागिरीतही होतं, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच जिल्ह्यांच्या आधी होतं. सत्तरच्या दशकापासून खेड, दापोली, मंडणगड, रत्नागिरी, राजापूर या तालुक्यांतली मुसलमान कुटुंबं आखाती देशांत कामाला जाऊ लागली. सुट्टीवर येताना त्यांच्या सामानात टेपरेकॉर्डर असे, पुढे व्हीसीआर आला. दुसरी वाट मुंबईची. गणपतीला आणि शिमग्याला येणारा चाकरमानी टीव्ही आणायचा, आणि वाडीत वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने यायचा. एका रात्रीत तीन सिनेमे संपवायचे आणि सकाळी यंत्र परत करायचं, हा हिशोब त्या काळातल्या कुणालाही सांगावा लागत नाही. आता यात विज्ञानमालिका कुठे बसते ते पाहा. भाड्याचं यंत्र रात्री घरात, मालिका दिवसा लागणार. आणलेला व्हीसीआर हा घरातला सर्वांत महागडा डाग, त्यावर भरतकाम केलेलं कापड, आणि पोरांनी हात लावायचा नाही हा सक्त दम. कोरी कॅसेट आखातातून आलेली, ती राखून ठेवायची कशासाठी? बहिणीच्या लग्नासाठी, निकाहासाठी, घरभरणीसाठी. बारा वर्षांच्या मुलाने ‘मला सिग्मा रेकॉर्ड करायचंय’ म्हणणं हा त्या घरात विनोदच ठरला असता. ज्या वर्गाला मालिका हवी होती त्याला घरात मत नव्हतं, एवढं साधं हे प्रकरण आहे.

यावर पहिला आक्षेप हवेचा येतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात चुंबकीय फीत टिकणार कशी? रेकॉर्ड केलं असतं तरी कुजलं असतं. आक्षेपात तथ्य आहे. तीन तासांच्या व्हीएचएस कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंद आणि अडीचशे मीटर लांब फीत असते. पॉलिएस्टरच्या पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट लेपाने बसवलेले असतात, आणि हा लेप दमट हवेतलं पाणी शोषतो. फीत चिकट होते, कडेने पांढरी बुरशी धरते. खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीवर राखाडी-पांढरे चट्टे दिसतात. अशी कॅसेट तशीच लावली की बुरशी मिनिटाला दीड हजार फेरे घेणाऱ्या हेडच्या नळकांड्यावर बसते, पडद्यावर आडव्या रेघा येतात, आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच बाधा होते. पण मग लग्नांच्या कॅसेटचं काय? त्याही याच हवेत, याच लाकडी कपाटांत राहिल्या. त्यातल्या कितीतरी २००० नंतर फोटो स्टुडिओत नेऊन सीडीवर उतरवल्या गेल्या. म्हणजे हवेने जे खाल्लं ते बेवारस होतं म्हणून खाल्लं. चिपळूणच्या वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ च्या पुरात ग्रंथांचं अतोनात नुकसान झालं. तिथे माणसं चिखलात उतरली, कारण त्या पुस्तकांना वाली होता.

दुसरं कारण बाजाराचं, आणि ते मला अधिक बोलकं वाटतं. दूरदर्शनची मालिका विकलीच जात नव्हती असं नाही. ‘रामायण’च्या कॅसेट विकल्या गेल्या. पुढे २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी काढून बाजार हलवला, तेव्हा तालुक्याच्या एसटी स्टँडबाहेरही चकत्यांचे ढीग लागले. त्या ढिगांत सिनेमे, भजनं आणि तमाशापट होते, अंतराळयान नव्हतं. याचं मूळ ऐंशीच्या दशकातल्या प्रायोजनाच्या पद्धतीत आहे. १९८४ च्या ‘हम लोग’पासून रूढ झालेल्या या व्यवस्थेत निर्मात्याचा खर्च जाहिरातीतून वसूल होई, दूरदर्शनला प्रक्षेपणाचं शुल्क मिळे, आणि हक्क बहुधा निर्मात्याकडे राहत. मालिका एकदा लागली की सगळ्यांचे पैसे वळते झाले. नंतर ती जपणं हे कुणाचंच काम नव्हतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं, आणि एप्रिलमध्ये डीडी रेट्रो ही वाहिनीच सुरू केली. जुनं ते सोनं हे तेव्हा सरकारलाही पटलं. पण सोनं म्हणून पौराणिक मालिकांना जेवढी जागा मिळाली तेवढी विज्ञानमालिकांच्या वाट्याला आली नाही.

दुसरा आक्षेप जरा खवचट आहे: या मालिका जपण्याइतक्या चांगल्या होत्या का? थर्मोकोलचे दगड, लुकलुकणारे दिवे आणि चंदेरी पोशाख. नारळीकरांच्या कथेतलं विज्ञान आणि जखाकूचं गडगडाटी हसू यांची तुलना होऊ शकत नाही, हे मान्य. इतिहासाला मात्र गुणवत्तेपेक्षा पुरावा हवा असतो. संगणक म्हणजे काय हे जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांनी पाहिलंही नव्हतं, तेव्हा मुलं तो स्वतः जोडताहेत अशी कल्पना १९८९ मध्ये सरकारी वाहिनीवरून घरोघरी गेली. तिचा कुणावर काय परिणाम झाला हे सांगायचं तर ती आधी पाहायला मिळाली पाहिजे. स्वस्त नेपथ्यसुद्धा बोलतं. एका गरीब देशाने पुढची शंभर वर्षं किती पैशांत उभी केली, हे त्या थर्मोकोलच्या दगडांतून कळतं. छापील कथेत ते कळत नाही, कारण कागदावर आकाशगंगा आणि अंगण यांचा खर्च सारखाच. ‘आता सगळं यूट्यूबवर आहे’ असंही म्हटलं जातं. तिथे जे फिरतं त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी घरच्या कॅसेटवरून उतरवलेलं, अर्धवट, रंग उडालेलं असतं. उद्या हक्काच्या मालकाने तक्रार केली की तेही दिसेनासं होतं.

व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आता मोजकी आहेत आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून मोजके. म्हणून रत्नागिरीच्या वाचकाला एक विनंती. माळ्यावर लग्नाची जुनी कॅसेट असेल तर ती भंगारात देऊ नका, आणि पांढरी पडलेली दिसली तर घरी लावूनही पाहू नका. जाणकाराकडून साफ करून घ्या. उतरवून घेताना स्टुडिओवाल्याला सांगा की पाठवणीपाशी थांबू नकोस, फीत संपेपर्यंत चालू दे. तीन तासांच्या कॅसेटमध्ये लग्न अडीच तासांत आटोपतं, आणि उरलेल्या अर्ध्या तासावर टीव्हीवरचं काहीबाही भरण्याची परवानगी एखाद्या घरात मुलांनाही मिळाली असेल. तिथे काही सापडलंच, मग ती मालिका असो, बातम्या असोत की साबणाची जाहिरात, तर त्याची एक प्रत जवळच्या वाचनालयाला द्या. वाचनालयांनीही ती पुस्तकासारखी नोंदवहीत चढवून घ्यावी.