विद्यार्थिनी कीं सेविका?

रुग्णाच्या उशाशीं रात्र जागविणारी परिचारिका आपल्या ओळखीची असते. परंतु ती आपलें काम कोठें व कसें शिकली, याचा विचार आपण क्वचितच करतों. निरनिराळ्या देशांचा इतिहास पाहिला असतां एकच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहिलेला दिसतो : शिकावयास आलेली मुलगी ही रुग्णालयाची विद्यार्थिनी, कीं स्वस्तांत मिळालेली सेविका?

१८३६ सालीं जर्मनींतील कायझरस्वर्थ येथें पाद्री थिओडोर फ्लीडनर यांनीं धर्मसेविकांची संस्था काढली. तेथें शुश्रूषा हें ईश्वरसेवेचें व्रत होतें. १८५१ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल तेथें राहून शिकल्या. पुढें क्रिमियाच्या युद्धांतील त्यांच्या सेवेच्या गौरवार्थ लोकांनीं निधी जमविला, आणि त्यांतून १८६० सालीं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयांत १५ मुलींची शाळा उघडली. व्रताचा आतां व्यवसाय झाला. आणि शाळेला स्वतःचा पैसा होता, हें विशेष.

१८७३ सालीं अमेरिकेंत न्यूयॉर्क, न्यू हेवन व बोस्टन येथें याच धर्तीवर शाळा निघाल्या. त्यांचें पाहून अनेक रुग्णालयांनीं शाळा काढल्या; पण बहुतेकांजवळ स्वतंत्र निधी नव्हता. विद्यार्थिनींच्या श्रमांवर रुग्णालय चाले, आणि व्याख्यान ऐकावयाचें तें दिवसभराच्या कामानंतर. १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानें या पद्धतीचे दोष उघड केले. त्याच वर्षीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें येल विद्यापीठांत स्वतंत्र परिचर्याशाळा सुरू झाली. तेथें अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवी, रुग्णालयाची निकड नव्हे.

न्यूझीलंडनें १९०१ सालीं कायदा करून नोंदणीसाठीं तीन वर्षांचें शिक्षण व सरकारी परीक्षा आवश्यक केली. ब्रिटनमध्यें नोंदणीचा कायदा १९१९ सालीं झाला; तरी तेथील विद्यार्थिनीला रुग्णालयाच्या नोकरवर्गांतून मोकळें होऊन खरी विद्यार्थिदशा लाभण्यास १९८९ साल उजाडावें लागलें.

आपल्याकडे अडचण निराळी होती. हा पेशाच हलका मानला जात असे. अशा काळांत पुण्याच्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या प्रेरणेनें, मुलींना ससून रुग्णालयांत शिकावयास पाठविलें. त्या धैर्याचें मोल १९४६ च्या भोर समितीच्या आंकड्यांवरून कळतें : ब्रिटनमध्यें ३०० लोकांमागें एक परिचारिका, तर हिंदुस्थानांत ४३,००० लोकांमागें एक! त्याच वर्षीं दिल्ली व वेल्लोर येथें पदवीचें शिक्षण सुरू झालें, आणि १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

रुग्णाच्या खाटेजवळ उभें राहिल्यावांचून ही विद्या येत नाहीं, हें खरें. पण काम करून घेणें म्हणजे शिकविणें नव्हे. आपलें आजारी माणूस जिच्या हातीं आपण सोंपवितों, तिला शिकावयास पुरेसा वेळ मिळाला होता कीं नाहीं, ही चिंता तिच्या एकटीची नाहीं. ती प्रत्येक घराची आहे.