आधी वापरा, मग पैसे द्या : शेअरवेअरची रीत

प्रतिनिधी, नागपूर

संत्री घेताना विक्रेत्याने एखादी फोड चाखायला द्यावी आणि चव पटली तरच गिऱ्हाइकाने पैसे मोजावेत, ही रीत नागपूरकरांच्या परिचयाची आहे. सॉफ्टवेअरही असेच विकता येते, हे अमेरिकेतील काही प्रोग्रॅमरनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले. या पद्धतीला 'शेअरवेअर' म्हणतात.

प्रारंभ

अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी 'पीसी-टॉक' आणि जिम नॉफ यांनी 'पीसी-फाइल' हे प्रोग्रॅम १९८२ मध्ये प्रती काढून वाटण्याची मुभा देऊन खुले केले. उपयोगी वाटल्यास ठरावीक रक्कम पाठवावी, एवढीच विनंती होती. १९८३ मध्ये बॉब वॉलेस यांनी 'पीसी-राइट' आणताना 'शेअरवेअर' हे नाव रूढ केले. प्रत पुढे देणाऱ्या नोंदणीकृत ग्राहकाला त्यांनी कमिशनही देऊ केले. दुकान आणि जाहिरातीचा खर्च वाचल्याने एकटा प्रोग्रॅमरही बाजारात उतरू शकला. भारतात इंटरनेटचा वेग मंद होता, तेव्हा संगणकविषयक मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींनी हे प्रोग्रॅम घरोघरी पोहोचवले.

मर्यादांचे प्रकार

केवळ विनंतीवर सर्वांचे भागेना, म्हणून मर्यादा आल्या. काही प्रोग्रॅम ठरावीक दिवसांनी थांबतात. पुण्याच्या काटकर बंधूंनी विकसित केलेल्या 'क्विक हील' या अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती ३० दिवसांची असते. काहींत महत्त्वाच्या सोयी बंद ठेवलेल्या असतात. 'डूम' या खेळाचा ९ टप्प्यांचा पहिला भाग १९९३ मध्ये विनामूल्य होता. पुढील भागांसाठी पैसे द्यावे लागत. 'विनरार' मात्र ४० दिवसांची मुदत संपल्यावरही चालतो, फक्त खरेदीची आठवण करून देत राहतो. पैसे भरल्यावर मिळणारा नोंदणी क्रमांक ही बंधने दूर करतो.

फुकट नव्हे

शेअरवेअर आणि फ्रीवेअर यांत गल्लत होऊ नये. फ्रीवेअरला शुल्क नसते; शेअरवेअरमध्ये ते केवळ लांबणीवर पडते. चोरीचा क्रमांक टाकून मुदत वाढवणे हा प्रोग्रॅमरच्या कमाईवर घाला आहे. बेकायदा प्रत असल्याचे जाणूनही ती संगणकावर वापरणाऱ्यास कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब मध्ये ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

उलटलेला क्रम

मोबाइलच्या युगात फोड चाखण्याआधीच पाकीट विक्रेत्याच्या हाती द्यावे लागते. अनेक अ‍ॅप चाचणीपूर्वीच कार्ड किंवा यूपीआयची मंजुरी घेतात आणि मुदत संपताच वर्गणी आपोआप कापली जाते. पूर्वी पैसे देण्याची आठवण ठेवावी लागे, आता न देण्याची ठेवावी लागते. अशा आवर्ती वसुलीपूर्वी किमान २४ तास आधी सूचना देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. वर्गणी रद्द करणे मुद्दाम अवघड ठेवणे, म्हणजेच 'सबस्क्रिप्शन ट्रॅप', केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार निषिद्ध आहे.

तरीही दक्षता ग्राहकानेच घ्यावी. चाचणी सुरू करतानाच अखेरची तारीख नोंदवून ठेवावी. मुदतीनंतर आपल्या फायली उघडतील का, हे तपासावे. अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही. ती स्वतंत्रपणे रद्द करावी लागते.