ठासणीची बंदूक आणि वसईचा तट

वसईच्या किल्ल्याचा इतिहास आपण बहुधा तोफांच्या आणि सुरुंगांच्या भाषेत वाचतो. ते स्वाभाविकच आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून सान सेबास्तियन बुरुज फोडला आणि दोन शतकांची पोर्तुगीज सत्ता येथून उठली. तहाच्या अटींनुसार पोर्तुगीज शिबंदी सशस्त्र बाहेर पडली. चर्चमधल्या घंटा मागे राहिल्या. त्या पुढे मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या, आणि भीमाशंकरची १७२९ सालची घंटा पाहताना वसईची आठवण आजही निघते. शिबंदीच्या खांद्यांवरून निघून गेलेल्या बंदुकांची आठवण मात्र कोणी काढत नाही. आम्हाला येथे त्या जातीच्या बंदुकीविषयी लिहायचे आहे.

ही ठासणीची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालून ती गजाने ठासायची. मागे नळीच्या कानाशी असलेल्या वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक, ठेवायची. आणि सोऱ्यात मुरवलेल्या दोरीच्या जळत्या तोड्याने ती पेटवायची. आपल्याकडे या बंदुकीची दोन घराणी दिसतात. हिंदुस्थानी बंदुकीची नळी लांब, कुंदा सरळ. चाप ओढावा तसा तोडा सावकाश वाटीकडे झुकतो. गोव्याच्या घराण्यात मात्र कमान बसवलेली असते. चाप दाबताच तोडा झटकन वाटीवर पडतो. कुंदा आखूड व वळणदार. तो खांद्याला न लावता गालाशी धरायचा.

या दुसऱ्या घराण्याला आपण सरसकट ‘फिरंगी’ म्हणतो. प्रत्यक्षात १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर अल्बुकर्कला तेथे बंदुका घडवणारे कसबी कारागीर आयतेच मिळाले. १५१३ मध्ये राजा मॅन्युएलला लिहिताना त्याने या कारागिरांना बोहेमियाच्या कारागिरांच्या पंक्तीला बसवले. आणि बोहेमियाच्या कामाचा त्या काळी युरोपात लौकिक होता. युरोपातली कमान आणि गोव्यातला हात यांच्या मेळातून जी बंदूक घडली, तिचेच कूळ १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोहोचले, असे अनेक अभ्यासक मानतात. तेथल्या लोहारांनी ती पाहून घडवली आणि पुढे जपानी युद्धतंत्रच पालटले. तेव्हा तटाच्या आतले हत्यार परके आणि बाहेरचे आपले, अशी सोपी वाटणी येथे करता येत नाही. वसईचा विजय त्यामुळे लहान होत नाही; कारागीर मात्र दिसू लागतो.

मारण्यासाठी घडवलेल्या वस्तूचे सौंदर्य वाखाणावे का, हा प्रश्न आम्हालाही पडला आहे. पण नळीच्या घडणीकडे पाहावे. लोखंडाची तापलेली पट्टी गजाभोवती गुंडाळायची, कडेवर कड चढवून ठोकून एकजीव करायची, मग आतून पोखरून गुळगुळीत करायची. जोड कच्चा राहिला तर नळी फुटे, आणि ती फुटे ती बार काढणाऱ्याच्याच गालाशी. शत्रूचा विचार त्यानंतरचा. जो जोड शोधूनही सापडत नाही, त्यातच या कामाची खरी प्रतिष्ठा आहे. त्यावरची पितळी वेलबुट्टी दुय्यम. एवढे करून नळीवर बहुधा घडवणाऱ्याचे नाव नसते.

त्याचे स्मरण राहिले ते भाषेत. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगीजांकडून आले, ‘बंदूक’ अरबी-फारसीतून. ‘ठासणे’ मात्र घरचे. तीन दिशांचे शब्द एकाच हत्याराभोवती नांदतात, जसे ते हत्यार घडवताना वेगवेगळ्या मुलखांचे कसब एकत्र आले. आपण एखादी गोष्ट ठासून सांगतो, कोणाचा बार फुसका निघाला म्हणून हसतो; तेव्हा ही बंदूक आपल्या बोलण्यात असतेच. ‘रंजक’ हा शब्द आज आपण कथेला लावतो. बखर वाचणाऱ्या विद्यार्थ्याला तो बंदुकीच्या वाटीत भेटला, की तो क्षणभर थबकतो.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक परवान्याने बाळगण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत चालत आली आहे. वसईच्या तटावर उभे राहताना चिमाजी अप्पांचे स्मरण होणारच, आणि ते व्हावे. सोबत एखाद्या निनावी लोहाराचेही व्हावे, एवढीच आमची अपेक्षा.