वार, मूठ आणि पास : ग्रामीण विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचा इतिहास

बारामती तालुक्यातील लोणी भापकर या गावाचा इतिहास सांगायचा म्हटला, की बोट आधी मल्लिकार्जुन मंदिराकडे वळते. जुने दगडी मंदिर, देखणी पुष्करणी आणि यज्ञवराहाचे शिल्प पाहायला अभ्यासक येतात, मोजमापे घेतात, टिपणे काढतात. याच गावातून सकाळी एसटीची वाट पाहत उभी राहणारी महाविद्यालयीन मुले-मुली मात्र कोणत्याच टिपणात येत नाहीत. आपल्याकडे उच्च शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो संस्थांचा. स्थापना, संस्थापक, देणगीदार, इमारती, सुवर्णमहोत्सव असा त्याचा क्रम ठरलेला असतो आणि विद्यार्थी त्यात केवळ पटसंख्या म्हणून येतो. तो काय खात होता, कुठे झोपत होता, पुस्तके कशी मिळवत होता, घरी कसा परतत होता, हे प्रश्न इतिहासाच्या योग्यतेचे मानले गेले नाहीत. वास्तविक खेड्यातील मूल पदवीपर्यंत पोहोचणार की नाही, हे बहुतांशी याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत आले आहे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट ठरत आली आहे. मदत घेताना त्याला मान किती खाली घालावी लागते, ही ती गोष्ट.

या दृष्टीने पाहिले तर गेल्या दीडशे वर्षांच्या विद्यार्थिजीवनाचे तीन टप्पे दिसतात. सोयीसाठी त्यांना वार, मूठ आणि पास अशी नावे देता येतील.

पहिला टप्पा वाराचा. पुण्यात शिकायला आलेल्या गरीब मुलाने सात घरे गाठायची आणि आठवड्याच्या एकेका वारी एकेका घरी जेवायचे, ही ‘वार लावून जेवण्याची’ पद्धत. ज्याला वार मिळत नसत तो माधुकरी मागे. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशी चणे-कुरमुरे, नाहीतर पाणी. कोणत्या घरी कितीला जावे, वाढणाऱ्या माउलीचा सूर आज कसा आहे, दुसऱ्यांदा भात मागावा की नाही, हे शहाणपण मुलाला कोणत्याही पाठ्यपुस्तकाआधी येई. पैशाची चणचण तर पाचवीला पुजलेली. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्यापाशी एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी अंगात घालावा लागे, असे त्यांची चरित्रे सांगतात. गोपाळ कृष्ण गोखले यांना थोरले बंधू आपल्या तुटपुंज्या पगारातून महिना आठ रुपये पाठवत. एका मित्राने आग्रहाने नाटकाला नेले आणि नंतर तिकिटाचे पैसे मागितले. ते भरून काढण्यासाठी गोखल्यांनी दिव्याच्या तेलात काटकसर केली आणि रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला, ही आठवणही प्रसिद्ध आहे. आपण अशा कथा थोरांच्या सहनशीलतेचे दाखले म्हणून मुलांना ऐकवतो. परंतु त्या तितक्याच विद्यार्थ्याच्या जमाखर्चाच्या नोंदी आहेत. एका नाटकाचे तिकीट म्हणजे कित्येक रात्रींचे तेल, असा तो हिशेब आहे.

वाराच्या पद्धतीने असंख्य गरीब मुले शिकली, हे नाकारता येत नाही. पुण्यात १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह याच गरजेतून उभे राहिले. पण या अन्नछत्राला एक उंबरठा होता आणि तो जातीचा होता. वार लागत तो ब्राह्मण मुलाचा, ब्राह्मण घरी. जिरायत रानात राबणाऱ्या कुणब्याचा, धनगराचा, रामोशाचा किंवा महार-मांगाचा मुलगा शहरात शिकायला आला असता तर त्याच्यासाठी सातांतले एकही दार उघडणारे नव्हते. बुद्धी, चिकाटी आणि दारिद्र्य हे तिन्ही गुण सारखे असूनही एकाला पान वाढले जाई आणि दुसऱ्याला गावी परतावे लागे. शिक्षणातील विषमतेची चर्चा आपण नेहमी वर्गापासून सुरू करतो, ती स्वयंपाकघरापासून सुरू करायला हवी.

राजर्षी शाहू महाराजांनी हे नेमके ओळखले. शाळा काढून भागत नाही, मुलाच्या राहण्या-जेवणाची सोय केली पाहिजे, या जाणिवेतून कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे निरनिराळ्या जातिधर्मांची वसतिगृहे निघाली. अस्पृश्य मुलांसाठीचे मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ सालचे. त्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला होता. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध होण्यास त्याने नकार दिला, आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावे लागले. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील. दान देणारा आपल्या अटीही पानात वाढतो, हा धडा त्यांना असा विद्यार्थिदशेतच मिळाला.

भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह सुरू केले त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसत. तिथला खर्च भागवताना लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रही मोडावे लागले. हा त्याग महाराष्ट्राला माहीत आहे. त्यामानाने ‘मुष्टिफंडा’चा विचार कमी होतो. दळायला बसताना घरातल्या बाईने मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगच्या मुलांसाठी द्यायचे, अशी ती योजना. वार आणि मूठ यांत महत्त्वाचा फरक आहे. वाराच्या घरी मुलगा दात्यासमोर बसतो, मुठीत दाता दिसत नाही. शिवाय देणारी बाई स्वतः सधन नसते, तिचे धान्य तिच्याच सारख्या घरातल्या मुलाच्या पोटात जाते. त्यात उपकाराचा भाव शिल्लक राहत नाही. भावकीतल्या देवघेवीसारखा तो व्यवहार होतो.

त्याला भाऊरावांनी श्रमाची जोड दिली. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुले शेतात राबत, खणत, बांधत आणि पदवी घेत. पुढे मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान काही काळ थांबवले, तेव्हा तग धरता आला तो या लोकाश्रयाच्या बळावर. पुणे विद्यापीठाने आपल्या कमवा व शिका योजनेला कर्मवीरांचेच नाव दिले आहे. ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्या, बागेत आळी करणाऱ्या मुलाला महिन्याकाठी मिळणारी रक्कम मोठी नसते. पण ती त्याने मिळवलेली असते, हाच तिचा अर्थ आहे.

आता बारामतीकडे वळू. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून या तालुक्याचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग पडले. कालव्याकाठी ऊस, गुऱ्हाळे, पुढे साखर कारखाने. लोणी भापकर, मोरगाव, सुपे या पट्ट्यात पावसावरची बाजरी-ज्वारी आणि उन्हाळ्यात टँकर. बारामतीत महाविद्यालय नव्हते तोवर शिकायचे म्हणजे पुणे गाठायचे. बागायतदाराला ते परवडे. जिरायत भागातल्या शेतकऱ्याला मुलाच्या पुण्यातल्या खानावळीचा महिना म्हणजे बैलाची निम्मी किंमत वाटे. १९६२ साली अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय बारामतीत सुरू झाले आणि हे अंतर एकदम कमी झाले. जैन समाजातील दानशूरांनी उभ्या केलेल्या या संस्थेत पुढे साऱ्या तालुक्याची मुले शिकली. १९७२ साली विद्या प्रतिष्ठानची स्थापना झाली. नीरेच्या बाजूला सोमेश्वरनगरलाही महाविद्यालय निघाले. दान आता ताटात न येता इमारतीच्या रूपाने येऊ लागले, आणि इमारतीत शिरताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

याच सुमारास शासनाची सवलत हा नवा दाता अवतरला. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना बाराशे रुपयांहून कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी मिळाली. ‘ई.बी.सी.’ ही तीन अक्षरे तेव्हापासून महाविद्यालयांच्या बोलीत रुळली. ज्या पिढीने १९७२ च्या दुष्काळात सुट्टीत खडी फोडली आणि मिलोच्या भाकरी खाल्ल्या, तिच्यातले अनेक पदवीधर या तीन अक्षरांचे ऋणी आहेत. सवलत हा हक्क होता, त्यामुळे कुणाच्या ओसरीवर बसावे लागत नव्हते. पण आपण गरीब आहोत हे सिद्ध करण्याचे काम मात्र विद्यार्थ्याच्याच अंगावर आले. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रेशनकार्डाची झेरॉक्स, बोनाफाईड, आधारजोडणी, बँकेचे खाते. २०१७ पासून शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर गेले. खिडकी पडद्यावर आली, एवढाच बदल पुष्कळांना जाणवला. एका त्रुटीसाठी तहसील कचेरीच्या दोन खेपा आणि दोन बुडालेले दिवस, हा हिशेब कोणत्याही अहवालात येत नाही. वाराच्या मुलाला वाढणाऱ्या माउलीचा सूर ओळखावा लागे. आजच्या मुलाला कारकुनाचा आणि सर्व्हरचा ओळखावा लागतो.

तिसरा टप्पा पासाचा. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे ती फाट्याफाट्यावर थांबू लागली आणि वसतिगृह न परवडणाऱ्या मुलांना रोज घरी परतून शिकणे शक्य झाले. विद्यार्थ्यांना पासासाठी तिकिटाच्या एक तृतीयांश रक्कमच भरावी लागते. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत पास मोफत आहे, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे तिकीट आहे. गावातल्या मुली पदवीपर्यंत पोहोचू लागल्या त्यात महाविद्यालयांच्या नियतकालिकांपेक्षा या गाडीच्या वेळापत्रकाचा वाटा मोठा आहे. संध्याकाळची गाडी चुकली तर काय, या एका प्रश्नावर किती मुलींचे शिक्षण थांबले असेल! एसटीने आणखी एक काम केले. शहरात राहणाऱ्या मुलाला गावाकडचा डबा आणून दिला. चालक-वाहकाच्या हवाली केलेला, फडक्यात बांधलेला भाकरीचा डबा म्हणजे वाराचे आणि मुठीचे तिसरे रूप. यात दाता आईच असते.

ही दोरी किती नाजूक आहे हे २०२१ साली कळले. मार्च २०२० पासून बंद असलेली महाविद्यालये २० ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांमागे त्यांच्या घरांतले दैन्य होते, ते विसरता येत नाही. पण वर्ग उघडे आणि गाडी बंद, अशा त्या महिन्यांत आडवळणाच्या गावांतली मुले पुन्हा घरी बसली. त्याआधीच्या दीड वर्षात त्यांनी आयुष्यातली सर्वांत महाग खरेदी केली होती ती मोबाईलची. कुणी शेळी विकली, कुणी हातउसने घेतले. पूर्वी विद्यार्थ्याची खरेदी म्हणजे अप्पा बळवंत चौकातली जुनी पुस्तके, दिवाळीला एक ड्रेस. आता फोन आणि त्याचे रिचार्ज ही चैन राहिलेली नाही, ती फीच आहे. फक्त तिला माफी नाही.

विद्यार्थी केवळ घेणारा नाही, हेही या इतिहासात नोंदले पाहिजे. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीत, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्या शिबिरांत मुले गावोगावी बंधारे घालतात, रस्ते झाडतात, झाडे लावतात. त्या आठवड्यात गाव त्यांच्या जेवणाला हातभार लावते, कधी पाळीपाळीने. पंगतीत कोण कोणत्या जातीचा, हे तिथे कुणी विचारत नाही. वाराची ही सुधारलेली आवृत्ती पाहिली, की घेण्यात लाज नसते, ती एकतर्फी घेण्यात असते, हे पटते.

म्हणून आम्हा शिक्षकांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. गरजू विद्यार्थ्यांना वह्या, सायकली, गणवेश वाटण्याचे समारंभ आपल्याकडे उत्साहाने होतात. दात्याच्या हातून वस्तू घेताना त्या मुलीचे छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशी ते तिच्या वर्गात पोहोचते. मदत आवश्यकच आहे. छायाचित्र मात्र आवश्यक नाही. जून २०२४ मध्ये एसटी महामंडळाने पास थेट शाळा-महाविद्यालयांत पोहोचवण्यास सुरुवात केली, तेव्हा मुलांचे आगारातल्या रांगेत उभे राहणे टळले. एवढ्याशा गोष्टीत मुठीचा विचार आहे. दाखले आपण एकदा तपासावेत, फी आपण परस्पर भरून घ्यावी, आणि ज्याला मिळाले त्याच्याखेरीज कुणाला कळू नये. बोर्डिंगसाठी मूठ काढून ठेवणाऱ्या बायकांची छायाचित्रे कुठे नाहीत, आणि त्यांच्या धान्यावर शिकलेल्या मुलांना त्यांची नावेही माहीत नव्हती.